यंत्राशी बुद्धिबळ: कोणता डाव खेळायचा हे आधी ठरवा

११ मे १९९७, न्यू यॉर्क. गॅरी कास्पारोव्ह आणि आयबीएमचा संगणक डीप ब्लू यांच्यातला सहावा, म्हणजे शेवटचा डाव. गुण अडीच-अडीच. काळे मोहरे घेऊन बसलेल्या कास्पारोव्हने कारो-कान बचाव घेतला आणि सातव्या चालीला एच-प्यादं एक घर पुढे सरकवलं (पटाच्या उभ्या पट्ट्यांना ए ते एच अशी नावं असतात, एच ही राजाच्या बाजूची कडेची पट्टी). डीप ब्लूने त्यावर थेट घोड्याचा बळी दिला. काळ्याचा राजा पटाच्या मध्यात अडकला, बाकीचे मोहरे एकमेकांच्या पायात आले आणि १९ चालींत जगज्जेत्याने डाव सोडला.

हा डाव आजही ‘यंत्राने माणसाच्या बुद्धीवर मात केली’ म्हणून सांगितला जातो. मला ते पटत नाही. तो घोड्याचा बळी डीप ब्लूने पटावर विचार करून शोधलाच नव्हता, तो त्याच्या सुरुवातींच्या संग्रहात आधीपासून भरून ठेवलेला होता. आयबीएमच्या टीमबरोबर जोएल बेंजामिनसारखा ग्रँडमास्टर होता, आणि त्या जागी एच-प्यादं पुढे केलं की घोडा अंगावर येतो हे जाणकारांना ठाऊक होतं. कास्पारोव्हचा हिशेब असा होता असं मानलं जातं, की बदल्यात लगेच काही मिळत नसेल तर यंत्र मोहरा देणार नाही. दुसऱ्या एखाद्या यंत्राबाबत तो कदाचित खरा ठरलाही असता. पण कारो-कान ही त्या काळात त्याची नेहमीची सुरुवात नव्हती. परक्या मैदानावर, समोरचा कसा वागेल याच्या अंदाजावर तो खेळला.

म्हणून अव्वल खेळाडूने यंत्राशी कसं खेळावं, या प्रश्नाचं उत्तर शोधताना यंत्राच्या ताकदीइतकंच माणसांनी काय काय करून पाहिलं याकडे बघावं लागतं.

यंत्राला काय दिसतं

डावाच्या मध्यात एका बाजूला साधारण तीस-पस्तीस नियमात बसणाऱ्या चाली असतात. प्रत्येकीला समोरून तितकीच उत्तरं, त्या उत्तरांना पुन्हा तितकीच. यंत्र हा पसारा धुंडाळतं, निरुपयोगी फांद्या छाटतं आणि प्रत्येक फांदीच्या टोकाशी जी स्थिती येते तिला एक आकडा देतं: पांढरा इतक्याने सरस, काळा इतक्याने सरस. डीप ब्लू सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासायचा. ग्रँडमास्टर एका चालीसाठी फार तर काही डझन स्थिती डोळ्यांपुढे आणतो, पण नेमक्या कोणत्या आणायच्या हे त्याला कळतं.

१९९०च्या दशकातल्या आणि त्यानंतरच्या काही वर्षांतल्या यंत्रांची दुखणी दोन. एक म्हणजे तो आकडा. मोहऱ्यांची किंमत, राजाची सुरक्षितता, मोकळे पट्टे वगैरे गोष्टी माणसांनीच नियम लिहून यंत्राला शिकवल्या होत्या. नियमात न बसणारी स्थिती आली की आकडा फसवा ठरायचा. दुसरं दुखणं खोलीचं. यंत्र ठराविक चालींपर्यंत बघतं, त्यापलीकडचं त्याला नसल्यासारखंच. त्यामुळे एखादं नुकसान अटळ असलं तरी मध्ये दोन-चार निरर्थक शह किंवा धमक्या घालून यंत्र ते आपल्या नजरेच्या टप्प्याबाहेर ढकलतं आणि संकट टळलं असं समजतं. एका दुकानाची उधारी दुसऱ्या दुकानातून उचलून फेडायची आणि कर्ज फिटलं म्हणायचं, त्यातला प्रकार. संगणकशास्त्रात याला क्षितिजाचा परिणाम म्हणतात.

डेव्हिड लेव्ही या स्कॉटिश आंतरराष्ट्रीय मास्टरने यातलं मर्म फार लवकर ओळखलं होतं. दहा वर्षांत एकही संगणक मला सामन्यात हरवणार नाही, अशी पैज त्याने १९६८ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांशी लावली. जॉन मॅकार्थी त्यांच्यातले एक. १९७८ मध्ये टोरांटोला तो चेस ४.७ या त्या वेळच्या सर्वांत बलवान प्रोग्रॅमशी खेळला आणि साडेतीन-दीडने जिंकला. त्याची पद्धत थोडक्यात अशी: काहीही करू नका, पण ते नीट करा. स्वतःकडे एकही कच्चा दुवा ठेवायचा नाही, झटापट होऊ द्यायची नाही आणि यंत्राची वाट पाहायची. करण्यासारखं ठोस काही दिसलं नाही की यंत्र उगाच प्यादी ढकलून स्वतःची घरं कमकुवत करायचं. सामन्यातला एक डाव लेव्ही हरला, आणि त्यात त्याने मुद्दाम चकमकीची सुरुवात निवडली होती! पुढे १९८९ मध्ये डीप थॉट या संगणकाने त्याला ४-० असं धुतलं. पद्धत तीच होती, पण तोवर यंत्राची नजर बरीच लांब पोचत होती.

बंद पटाचा एक नमुना

यंत्राला कसं कोंडायचं याचा माझ्या मते सर्वांत स्वच्छ धडा म्हणजे नोव्हेंबर २००३ मध्ये न्यू यॉर्कला झालेल्या सामन्यातला तिसरा डाव. कास्पारोव्ह त्रिमिती चष्मा लावून पडद्यावरच्या पटाकडे बघत होता, समोर एक्सथ्रीडी फ्रिट्झ हा प्रोग्रॅम. दुसरा डाव कास्पारोव्ह एका चुकीने हरला होता.

पांढऱ्या मोहऱ्यांनी त्याने सहाव्याच चालीला सी-प्यादं पाचव्या घरावर नेऊन ठेवलं आणि बाराव्या चालीला बी-प्यादं सहाव्या घरात खुपसलं. वजिराच्या बाजूची आणि मधली प्यादी एकमेकांना भिडून गच्च झाली. त्यानंतर फ्रिट्झने उंट एक घर पुढे नेला आणि पुढच्याच चालीला परत मागे आणला. ए-पट्टीवरचं प्यादंही गमावलं.

माणूस ही स्थिती बघून काय म्हणेल? डावीकडे आपल्याला काही मिळणार नाही, तिथे पांढरा हळूहळू घुसणार. आपल्याला राजाच्या बाजूने एफ-प्यादं पुढे ढकलून वाट उघडावीच लागेल, तीही लवकर. क्लबात नियमित खेळणाऱ्यालाही हे सुचतं. पण त्याचं फळ पंधरा-वीस चालींनंतर मिळणार आणि तोवर आकडा हलणार नाही. फ्रिट्झने वजीर, उंट, घोडे राजाच्या बाजूला इकडून तिकडे फिरवले. एफ-प्यादं डाव संपेपर्यंत आपल्या मूळ घरातून हललं नाही. इकडे कास्पारोव्हने कॅसलिंगसुद्धा केलं नाही. राजाला चालवत चालवत थेट ए-पट्टीच्या कोपऱ्यात नेऊन बसवलं, कारण त्याला अडवणारं कोणी नव्हतं. ४५ चालींनंतर फ्रिट्झ चालवणाऱ्यांनी डाव सोडला. सामना २-२ बरोबरीत सुटला.

पट बंद ठेवणं, वजीर लवकर उतरवणं, झटपट चकमकी टाळणं आणि लांब पल्ल्याची योजना आखणं ही जी शिफारस सगळीकडे वाचायला मिळते, ती अशा डावांतून आली. शिफारस चुकीची नाही, अर्धवट आहे.

आपला खेळ सोडायचा किती?

१९९७ च्या सामन्यात तिसऱ्या डावाची पहिली चाल कास्पारोव्हने डी-प्यादं एकच घर पुढे टाकून केली. तोलामोलाच्या माणसासमोर तो असं कधी करत नसे. उद्देश स्वच्छ होता: यंत्राला त्याच्या पाठ केलेल्या सुरुवातींतून बाहेर काढायचं. पण सुरुवातींचं ज्ञान ही तर त्या काळात कास्पारोव्हची स्वतःची सर्वांत मोठी दौलत होती. ती घरी ठेवून तो अशा स्थितींत जाऊन बसला जिथे पहिल्यापासून प्रत्येक चाल हिशेब करून काढावी लागते. हिशेब करणं हे यंत्राचं काम! डाव बरोबरीत सुटला, पण आक्रमक खेळाचा बादशहा सामनाभर बिचकत खेळताना दिसला.

याउलट व्लादिमिर क्राम्निकने ऑक्टोबर २००२ मध्ये बहारिनला डीप फ्रिट्झसमोर काय केलं ते पाहा. पहिल्या डावात काळ्या मोहऱ्यांनी त्याने बर्लिन बचाव घेतला. यात आठव्या चालीलाच वजिरांची मारामारी होते. याच बचावाच्या जोरावर त्याने २००० साली लंडनमध्ये कास्पारोव्हकडून जगज्जेतेपद घेतलं होतं. म्हणजे यंत्रासाठी म्हणून त्याने काही वेगळं सोंग आणलं नाही, त्याचं नेहमीचं हत्यारच यंत्राला अडचणीचं होतं. चार डावांनंतर क्राम्निक ३-१ ने पुढे.

मग पाचव्या डावात ढोबळ चूक झाली. सहाव्या डावात त्याने घोडा देऊन फ्रिट्झच्या राजावर हल्ला चढवला. प्रेक्षकांना मजा आली असेल, पण मोकळ्या पटावर, वजीर जिवंत असताना, यंत्राच्या अंगावर धावून जाणं म्हणजे त्याला हवं ते ताटात वाढणं. तोही डाव गेला आणि सामना ४-४ वर थांबला. दोन डावांची आघाडी असलेल्या माणसाने ती का सांडली, हे मला आजही नीट उमगलेलं नाही.

तेव्हा नियम असा करता येईल: तुम्ही एरवी खेळता त्या सुरुवातींपैकी, यंत्राला न मानवणाऱ्या निवडा. परक्या सुरुवाती नकोत आणि स्वतःच्या आवडत्या चकमकीही नकोत. वजीर उतरवताना एक सावधगिरी मात्र हवी. पटावर मोजकेच मोहरे उरले की यंत्राकडे अंतिम खेळाचे तयार तक्ते असतात, त्यात प्रत्येक स्थितीचा निकाल आधीच काढून ठेवलेला असतो. संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्प्सन यांनी या कामात सुरुवातीच्या काळात मोठा वाटा उचलला आणि आता राजांसह सात मोहऱ्यांपर्यंतचे तक्ते पूर्ण आहेत. त्या टप्प्यावर यंत्र चुकूच शकत नाही. म्हणजे माणसाला सोयीचा पट्टा मधला: वजीर नाहीत, पण बाकीचे मोहरे आणि प्यादी भरपूर आहेत.

समोर कोणी नाही

हे सांगायला सोपं आणि पाळायला सर्वांत कठीण. १९९७ च्या पहिल्या डावात, जो कास्पारोव्ह जिंकला, डीप ब्लूने हरत असताना हत्तीची एक अगम्य चाल केली. कास्पारोव्हच्या गटाने रात्री बसून निष्कर्ष काढला, की यंत्राने फार फार पुढचं पाहिलं असणार. डीप ब्लूच्या टीममधल्या मरे कॅम्पबेल यांनी नंतर सांगितलं, की प्रोग्रॅममधल्या दोषामुळे यंत्राने कोणतीतरी चाल खेळून टाकली होती.

दुसऱ्या डावात डीप ब्लूला वजीर आत घुसवून प्यादी खाण्याची संधी होती. त्याने ती सोडली आणि काळ्याचा प्रतिहल्ला आधीच बंद करणारी उंटाची शांत चाल खेळली. यंत्रं अशी वागत नाहीत, असं कास्पारोव्हच्या मनात पक्कं होतं. तो इतका हादरला की ४५ व्या चालीनंतर त्याने डाव सोडला. त्या स्थितीत वजिराच्या शहांच्या धमकीवर बरोबरीची वाट होती असं दुसऱ्या दिवशीच्या विश्लेषणात निघालं. यंत्राने सगळं पाहिलं असेलच या समजुतीने त्याने ती वाट शोधलीच नाही. पुढचे चार डाव तो पटाशी कमी आणि पटामागे कोणी माणूस दडलाय का या शंकेशी जास्त खेळला.

माणसाशी खेळताना आपण त्याच्या चेहऱ्यावरून, चालीला लागलेल्या वेळेवरून अंदाज बांधतो. बिघडलेल्या डावात गुंता करून त्याला गोंधळात टाकतो. यंत्रासमोर या सगळ्याचा उपयोग शून्य. उलट गुंता केलात तर तुम्हीच आधी बुडाल. डाव बिघडला तर मोहरे आवरून किल्ला बांधायचा, जिथे समोरच्याकडे मोहरा जास्त असला तरी आत शिरायला वाट नसते. डाव चांगला झाला तरी सुटका नाही, कारण यंत्र खचत नाही, शेवटपर्यंत उत्तम बचाव करतं. डाव सोडायची घाईही करू नये, आणि हे १९९७ नंतर निराळं सांगायला नको.

थकवा तर माणसालाच. नोव्हेंबर २००६ मध्ये बॉनला डीप फ्रिट्झविरुद्धच्या दुसऱ्या डावात क्राम्निकची स्थिती चांगली होती. फ्रिट्झने शेवटच्या ओळीत, एफ८ वर, घोड्याने मोहरा मारला. क्राम्निकने वजीर पुढे नेऊन वजिरांची मारामारी देऊ केली आणि फ्रिट्झने एच७ वर वजीर ठेवून मात केली. एका चालीतली मात, जगज्जेत्याला! एफ८ वरचा घोडा एच७ ला आधार देतोय ही आकृती डावांत सहसा येत नाही, म्हणून डोळ्याला खटकली नसावी. यंत्राला ओळखीची आकृती आणि अनोळखी आकृती असा भेद नसतो. क्राम्निक सामना ४-२ ने हरला. अशा सामन्यांत प्रत्येक चालीआधी शाळकरी मुलासारखं ‘शह आहे का, मात आहे का, काही फुकट जातंय का’ हे तपासणं हाच उपाय, त्यात कमीपणा काही नाही.

पटावर बसण्याआधी

कोणत्या अटींवर खेळायचं, हा माझ्या मते अर्धा सामना असतो. १९९७ मध्ये डीप ब्लूकडे कास्पारोव्हचे सगळे डाव होते. कास्पारोव्हकडे त्या नव्या डीप ब्लूचा एकही नव्हता, आणि दोन डावांच्या मध्ये टीमला यंत्रात फेरफार करता येत होते. जगज्जेतेपदाच्या लढतीत कोणी असं मान्य करील का? क्राम्निकने धडा घेतला. बहारिनला आणि बॉनला त्याला प्रोग्रॅमची प्रत आधी मिळाली. बॉनला तर फ्रिट्झ संग्रहातल्या चाली खेळत असेपर्यंत तो संग्रह क्राम्निकलाही पडद्यावर दिसत होता.

दुसरी अट वेळेची. १९९८ मध्ये विश्वनाथन आनंद रेबेल या प्रोग्रॅमशी आठ डाव खेळला. चार झटपट डावांत रेबेल ३-१ ने वरचढ, १५ मिनिटांच्या दोन डावांतही रेबेल दीड-अर्ध्याने पुढे. पण ४० चालींना दोन तास असे दोन डाव झाले तेव्हा आनंद दीड-अर्ध्याने जिंकला. खेळाडू तोच आणि प्रोग्रॅमही तोच. कमी वेळात माणसाची योजना कच्ची राहते, यंत्राचा हिशेब फारसा बिघडत नाही.

आता?

समान मोहऱ्यांचा प्रश्न निकालात निघालाय. जून २००५ मध्ये लंडनला इंग्लंडचा मायकेल अॅडम्स अबू धाबीच्या हायड्रा या संगणकाकडून साडेपाच-अर्धा असा हरला, तेव्हा तो जगातल्या पहिल्या दहांत होता. २००९ मध्ये ब्यूनस आयर्सच्या एका स्पर्धेत मोबाइलवर चालणाऱ्या पॉकेट फ्रिट्झने दहापैकी साडेनऊ गुण घेतले. अमेरिकेच्या हिकारू नाकामुराने २००८ मध्ये इंटरनेटवरच्या झटपट डावात रिब्का या प्रोग्रॅमला २७१ चालींत हरवलं. पट पूर्ण बंद होता, आपण पुढे आहोत अशा समजुतीत रिब्काने पन्नास चालींत मोहरा मारला गेला नाही आणि प्यादंही हललं नाही तर होणारी बरोबरी टाळायला स्वतःचीच तटबंदी फोडली. ती बंद पटाची जवळजवळ शेवटची मेजवानी. २०१७ मध्ये अल्फाझीरो आणि २०२० पासून स्टॉकफिश या प्रोग्रॅमांनी न्यूरल नेटवर्क वापरून तो ‘आकडा’ स्वतः शिकायला सुरुवात केली, आणि बंद स्थितींची जुनी फट बरीचशी बुजली.

म्हणून हल्ली सामने होतात ते यंत्राने काहीतरी आधीच सोडून. २०१६ मध्ये कोमोडो या प्रोग्रॅमने नाकामुराशी चार डाव खेळले, दर डावात वेगळी सूट: कधी प्यादं, कधी हत्तीच्या बदल्यात हलका मोहरा (उंट किंवा घोडा), शेवटच्या डावात पहिल्या काही चाली. तीन बरोबरीत सुटले, शेवटचा कोमोडोने घेतला. एका घोड्याची सूट मात्र मोठी असते. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड स्मर्डनने ती घेऊन कोमोडोला ५-१ असं हरवलं.

सूट असली की डावपेच उलटे होतात. आता पट बंद करून बसायचं कारण उरत नाही. तुम्ही घोड्याने पुढे आहात, म्हणून दिसेल तिथे मोहरे मारा, प्रत्येक अदलाबदलीनंतर तुमची आघाडी जास्त जाणवू लागते. हल्ल्याची शक्यता असेल तर एखादं प्यादं परत द्या आणि वजीर उतरवा. कोमोडोला बिचाऱ्याला हे कळत नव्हतं. आपण एका घोड्याने मागे आहोत एवढाच आकडा त्याच्यापुढे असायचा, म्हणून तो अदलाबदलींना सहज तयार व्हायचा.

लीला या इंजिनाच्या घोडा सोडून खेळण्यासाठीच शिकवलेल्या आवृत्तीला मात्र हे कळतं. ती अदलाबदल टाळते, पट गुंतागुंतीचा ठेवते, वस्तुनिष्ठपणे दुय्यम पण माणसाला अवघड जाणारी चाल शोधते. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर ती कोणाशीही खेळते आणि कमी वेळाच्या डावांत तिने ग्रँडमास्टरांनाही घोड्याची सूट देऊन हरवलंय. तिच्याशी बसायचं असेल तर घड्याळावर जितकी मिनिटं मिळतील तितकी मागून घ्या, आणि तिने वजिरांची मारामारी टाळण्यासाठी एक चाल वाया घालवली की पुढच्याच चालीला पुन्हा तीच मारामारी समोर ठेवा.